एकेचाळीस खिशांतली एकच ट्यून

हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये सव्वीस वर्षं हेडफोन लावून बसलेल्या बाईला माणसं चेहऱ्यावरून ओळखायची सवयच राहत नाही. एक्सचेंजताईंचं तसंच झालं होतं. रस्त्यात कुणी हात केला की त्या गोंधळून बघत राहायच्या, पण तोच माणूस "ओळखलं नाहीत?" म्हणाला की लगेच म्हणायच्या, "तुम्ही एक्स-रेवाले. सर्दी झालीय वाटतं!"

एक्सचेंज बंद पडलं तेव्हा ताई पन्नाशीला टेकल्या होत्या. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा त्या मोबाइलची अ‍ॅप बनवायच्या वर्गाला जाऊ लागल्या. निम्म्या वयाची मुलं पहिल्या आठवड्यात त्यांना "आजी" म्हणून चिडवायची, दुसऱ्या महिन्यात अडलं की त्यांच्याच बाकाशी घुटमळायची.

गल्लीत वेताच्या खुर्च्या विणणारे काका राहायचे. जन्मापासून दृष्टी नाही. एकदा ते म्हणाले, "ताई, हा फोन नाव वाचतो हो, पण कसं? बायकोचं नाव असं उच्चारतो, की वाटावं औषधाच्या दुकानातून बोलताहेत."

ताई हसल्या, पण गोष्ट मनात राहिली. चार महिन्यांनी त्यांचं अ‍ॅप तयार झालं. घरच्या माणसाने आपल्या आवाजात एक वाक्य बोलायचं. अ‍ॅप ते वाक्य रिंगटोन म्हणून फोनमध्ये ठेवायचं आणि त्या माणसाच्या नंबरला आपणच जोडून टाकायचं. काकांच्या खिशातून आता खुद्द काकूच बोलायच्या, "अहो, मी आहे, उचला!" मग फोनचं नाव वाचणं काकांनी बंदच करून टाकलं.

एक अडचण होती. कुठल्याही अ‍ॅपला परस्पर रिंगटोन बदलता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मालकाने सेटिंगमध्ये जाऊन एक स्विच चालू करावा लागतो, आणि तिथे फोन बजावतो, की हे अ‍ॅप तुमच्या फोनच्या सेटिंग बदलू शकेल. काका दर गुरुवारी ज्या अंधांच्या मंडळात जायचे, तिथल्या एकेचाळीस जणांनी तो इशारा ऐकला आणि एकेचाळीस वेळा विचारलं, "करू ना चालू?"

"करा," ताई म्हणाल्या. "माझ्यावर सोडा."

अ‍ॅप लोकांपर्यंत पोचवायला स्टोअरवर खातं लागतं. ताईंच्या धाकट्या भावाचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, त्याचं खातं तयारच होतं. "माझ्याच खात्यावरून चढवू की. आपल्यात तुझं-माझं काय, ताई?" तो म्हणाला. याला शाळेत पहिल्या दिवशी बोट धरून ताईंनीच नेलं होतं. त्यांनी सगळं काम पासवर्डासकट त्याच्या हवाली केलं.

दीड वर्ष सुखाचं गेलं. मग एका गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत कुणाचा तरी फोन वाजला. आवाज घरच्या कुणाचा नव्हता. गाद्यांच्या कुठल्याशा कंपनीची जाहिरात होती, उड्या मारत गाणारी. आणि ताईंनी पाहिलं, खोलीतले सगळे हात एकदम खिशांत, पिशव्यांत गेले. प्रत्येकाला वाटलं, आपलाच. फोन थांबला, दुसरा वाजला. पुन्हा तीच ट्यून, पुन्हा तेच सगळे हात.

त्या दिवशी काका आले नव्हते. ताई धावत त्यांच्या घरी गेल्या. काकू खाटेवर होत्या, पायाला प्लास्टर. आदल्या दिवशी जिन्यात घसरल्या होत्या.

"मी कामावर होतो. तिने तीनदा फोन केला," काका म्हणाले. "मला वाटलं, जाहिरातवाले. तीनदा कापला मी. दोन तास पडून होती ती जिन्यात." मग म्हणाले, "ताई, तो स्विच मी तुमच्या शब्दावर चालू केला होता."

ताई तिथून तडक भावाच्या दुकानात गेल्या.

धाकटा भाऊ प्रिंटर उघडून बसला होता. "हो, ट्यूनवाला अपडेट मीच सोडला," तो मान वर न करता म्हणाला. "परवानगी लोकांनी आधीच दिलेली, पुन्हा विचारायचं कामच नाही. गादीवाल्यांशी दोन महिन्यांचा करार आहे, पैसे मिळतात. एक ट्यून तर आहे, ताई! कुणाचं काय गेलं?"

"मला का विचारलं नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

यावर त्याने स्क्रू शोधायला सुरुवात केली. ताई म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. तू केसाने गळा कापलास रे." अपडेट मागे घे म्हणून त्यांनी विनवलंही. करार मोडता येत नाही म्हणाला. अ‍ॅप त्यांचं होतं; खातं त्याचं.

मग ताईंनी पायात चप्पल घातली आणि एकेक दार गाठलं. अकरा दिवस लागले. प्रत्येक फोन हातात घ्यायचा, स्विच बंद करायचा, अ‍ॅप काढायचं, जुना आवाज पुन्हा हाताने जोडायचा. प्रत्येक दारात एकच वाक्य: "चूक माझी. भाऊ माझा." कुणी पाणी दिलं, कुणी उंबऱ्यावरच उभं केलं. एका म्हातारीने विचारलं, "तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, खरंच?" ताई खोटं बोलत नव्हत्या, तरी उत्तर देताना त्यांचाच आवाज त्यांना खोटा वाटला. एकेचाळीस दारं तरी झाली. ज्या शेकडो अनोळखी माणसांनी ते अ‍ॅप स्टोअरवरून घेतलं होतं, त्यांची दारं कुठे शोधणार?

काकांनी फोन पुढे केला तो शेवटच्या दिवशी. "तेवढं अ‍ॅप काढा. आवाज वगैरे राहू द्या आता," ते म्हणाले.

पुढे ताईंनी स्वतःच्या नावाने खातं काढून नवं अ‍ॅप चढवलं. मंडळातल्या सतरा जणांनी ते घेतलं. बाकीचे "बघू" म्हणाले. भावाचे फोन येतात, ताई उचलत नाहीत. दर गुरुवारी मात्र त्या मंडळात जातात. काकाही येतात. ताईंची खुर्ची सैल झालेली हाताला लागली, तर मुकाट्याने विणून देतात. हवापाण्याचं बोलतात, काकूंच्या पायाचं बोलतात. फोनचं बोलत नाहीत.