आठ वाजताचं नेट आणि नऊ इंचांचा गळा

तीर्थपुरीत मी वीस वर्षं ब्लाउज शिवते आहे. अंगावर टेप टाकायच्या आधीच समोरच्या बाईचं माप मला डोळ्यांनीच कळतं. पण मोबाइलसमोर उभं राहून पहिल्यांदा शिकवलं त्या संध्याकाळी मी खडू दोनदा उलटा धरला, भीतीने कमी आणि आनंदाने जास्त. शिलाईच्या खोलीत पाळण्याची जुनी कडी आहे. जाऊबाईंनी त्या कडीला नाडीने फोन बांधला, अगदी कापायच्या टेबलावर कॅमेरा येईल असा. दुसरा फोन त्यांच्या हातात. त्यात अकरा चौकोन आणि अकरा बायका. एक नाशिकची, दोन सांगलीकडच्या, एक परभणीची, एक तर थेट मस्कतला नवऱ्याबरोबर राहणारी. तीर्थपुरीतल्या माझ्या टेबलावरचा खडू मस्कतला दिसत होता! मला राहून राहून हसू येत होतं.

वेळ रात्री आठची ठेवली, कारण दिवसभर कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी शेतात. आठला सगळ्यांना जमत होतं. फक्त आमच्या नेटला जमत नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस मला वाटलं, होतं कधी कधी. मी बोलत असायचे, कात्री चालवत असायचे आणि मध्येच जाऊबाई ओरडायच्या, "थांब गं, थांब! अडकलं. तुझी कात्री उघडीच राह्यली बघ फोनमधी." मंग आम्ही दोघी खांबासारख्या उभ्या. मिनिटभराने चित्र हलायचं आणि अकरा जणी एकदम बोलायला लागायच्या, "मॅडम, परत सांगा, परत सांगा." मी परत सांगायचे. दहा मिनिटांनी परत तेच.

दुसऱ्या आठवड्यात मागच्या गळ्याचा धडा आला. कापडाची पुढची आणि मागची बाजू एकावर एक ठेवून खांदा कापायचा, मंग पुढची बाजू बाजूला काढायची आणि मागच्या बाजूवर खोल गळा कापायचा. मी खडूने गळा आखला आणि ठासून सांगितलं, "हा नऊ इंचांचा गळा पुढच्या भागावर कापायचा नाही."

परभणीच्या ताईंना यातलं "कापायचा" इथपर्यंतच ऐकू आलं. "नाही" नेटमध्ये अडकलं.

त्यांनी कापलं. साध्या कापडावर नव्हे, भाचीच्या साखरपुड्यासाठी घेतलेल्या रेशमी साडीच्या ब्लाउजपिसावर! मी सरावासाठी जुनं कापड घ्या म्हणून सांगितलं होतं, पण त्यांना घाई होती. चित्र सुरू झालं तेव्हा त्यांनी कापलेला पुढचा भाग कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, "मॅडम, एवढा खोल? मला वाटलं नवीन फॅशन असेल."

 जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मला हसावं की रडावं कळेना. मी एवढंच म्हणाले, "ताई, आता कशालाच हात लावू नका. पीस घेऊन माझ्याकडे या."

त्या खरंच आल्या. दुसऱ्याच दिवशी परभणीहून रेल्वेने परतूरला आणि तिथून बसने तीर्थपुरीला. शाळेच्या कार्यालयात लिपिक, माझ्याच वयाच्या, खांद्याला पिशवी, पिशवीत तो नऊ इंचांचा पराक्रम. दारातच म्हणाल्या, "रागावू नका, चूक माझीच आहे."

"चूक तुमची न्हाई, नेटची आहे," मी म्हणाले. आम्ही कापड टेबलावर पसरलं. बाहीसाठी ठेवलेला जरीचा काठ लांब होता. मी तो उभा-आडवा लावून बघितला, आणि एका क्षणी तो असा बसला की आम्ही तिघी एकदम "हां!" म्हणालो. गळ्याच्या खड्ड्यात काठाचं योक, म्हणजे वरून जोडलेला तुकडा, मध्ये तीन बारीक चुण्या. दुपारी तीनपर्यंत ब्लाउज तयार. आरशासमोर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंनी वळून बघितलं. "हे मी मुद्दाम केलं असं सांगू का?" त्यांनी विचारलं. "बिलकुल सांगा," जाऊबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या आमच्याकडेच राहिल्या, आणि त्यामुळेच पुढचं सगळं घडलं. आठच्या तासाला त्या पलीकडच्या खोलीत आपल्या फोनवरून, आपल्या सिमच्या नेटवर बसल्या. मी इकडे शिकवत होते. तिकडून आवाज यायचा, "अडकलं! आठ बारा." थोड्या वेळाने, "सुरू. आठ चौदा." परत, "अडकलं! आठ एकोणीस." तास संपला तेव्हा त्यांनी वहीचं पान माझ्यासमोर ठेवलं. नऊ वेळा अडकलं होतं. मी तासभर ज्या बायकांशी बोलत होते त्यांना माझं निम्मंही पोचत नव्हतं, हे मला त्या पानावर पहिल्यांदा दिसलं.

"तुम्ही तक्रार केली का?" त्यांनी विचारलं.

केली होती की! तीन वेळा. फोनवरच्या मुलीने तिन्ही वेळा गोड आवाजात सांगितलं होतं, राउटर बंद करून चालू करा. मंग लाइनमन आला होता, पन्नाशीचा, भला माणूस. पण तो यायचा सकाळी अकराला. फोनवर वेग मोजायचा आणि मला दाखवायचा, "ताई, पन्नासचा प्लॅन हाय, अठ्ठेचाळीस येऊन राह्यलंय. बिलकुल बराबर हाय." आणि खरंच, अकराला बराबरच असायचं. तो गेला की मला मेसेज यायचा, तक्रार निकाली.

लिपिकताई हसल्या. "तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नव्हे, मॅडम. आमच्या कार्यालयात रोज बघते मी. तारीख लिहा, वेळ लिहा, आकडा लिहा. मंग बघा कोण नाही म्हणतं."

त्या सकाळच्या बसने गेल्या आणि मी खाकी कागद काढला, ज्यावर आम्ही ब्लाउजचे साचे काढतो तोच. खाली वेळा लिहिल्या, उभ्या बाजूला वेग. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, सहा, आठ, दहा. माझा नवरा आपल्या खतांच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेऊन आला आणि वायर सरळ राउटरला जोडून दिली, म्हणजे 'तुमच्या भिंती जाड आहेत, वायफाय पोचत नाही' असं कुणी म्हणायला नको. रोज सहा वेळा मोजायचं, ठिपका द्यायचा. जाऊबाईंना तर याचं वेडच लागलं. कणीक मळता मळता हात पुसून यायच्या, "चार वाजले, मी मोजते!" आणि मोठ्याने आकडा वाचायच्या, जसा काही निकालच लागून राह्यलाय. शेजारच्या दोन घरांतही तेच कनेक्शन होतं. त्या बायकांनाही आम्ही मोजायला लावलं. त्यांचेही आकडे आठला तसेच पडायचे.

दहा दिवसांनी मी ठिपके जोडले. दुपारी चारपर्यंत रेघ वरच्या वर, सहानंतर घसरण, आठला अगदी तळाशी, तीन नाहीतर चार, आणि दहानंतर हळूहळू वर. दहा दिवस, दहा रेघा, सगळ्या एकीवर एक बसणाऱ्या. हुबेहूब खोल गळ्याचा आकार! मी आणि जाऊबाई त्या कागदाकडे बघतच राहिलो. आमचं बरोबर होतं. आम्हाला वेड लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नवीन जालन्याला गेलो. नेटच्या कंपनीचं ऑफिस स्टेशनकडच्या रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऑटोतून उतरून जिना चढताना मी दोनदा थांबले, तेव्हा जाऊबाईंनी हात धरला. आत टेबलामागे मालक बसले होते. मी कागदाची गुंडाळी उलगडली आणि चार कोपऱ्यांवर त्यांचेच स्टेपलर, पंचिंग मशीन, डायरी आणि चष्म्याची डबी ठेवली.

"हे काय आहे ताई?"

"तुमचं आठ वाजताचं नेट."

त्यांनी वरवर बघितलं. "टेन्शन घेऊ नका. संध्याकाळी सगळीकडंच स्लो असतं. सगळे घरी येऊन पिक्चर लावतात. आणि आपल्या प्लॅनवर काय लिहिलंय? पन्नास एमबीपर्यंत. 'पर्यंत' लिहिलंय ना?"

मला काय झालं कळलं नाही. आयुष्यात मी कुणा मालकाशी वाद घातला नव्हता. पण मी म्हणाले, "भाऊ, तुमच्या घरच्यांनी माझ्याकडं छत्तीसचा ब्लाउज टाकला आणि मी अठ्ठावीसचा शिवून दिला, वर म्हणाले, मी छत्तीस'पर्यंत' म्हणलं होतं, तर चालेल का?"

जाऊबाई खुदकन हसल्या. मालक हसू दाबायचा प्रयत्न करत होते, पण मागच्या टेबलावरून कुणीतरी मोकळं हसलं. तिथे एक तिशीतली बाई दोन स्क्रीनसमोर बसली होती. ती त्यांची इंजिनिअर. ती उठून आली, कागदावर वाकली आणि बोटाने रेघेवरून फिरत गेली.

"हे वायरवर मोजलंय?" तिने विचारलं.

"वायरवर. आणि शेजारच्या दोन घरांतलंही आहे, खाली बघा, लाल पेन्सिलीने."

ती मालकांकडे वळली. "सर, मी तेच सांगत होते. तीर्थपुरीची लाइन रोज साडेसहाला भरते. आपण घरं जोडत गेलो, मागची लाइन तेवढीच ठेवली." मंग मला म्हणाली, "एका पायपावर दहा नळ चालतील तिथे आपण चाळीस लावलेत, ताई. सकाळी तुमचा एकटीचाच नळ उघडा असतो, म्हणून लाइनमनला पाणी जोरात दिसतं."

इतके दिवस फोनवर जे कुणी सांगितलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं. मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

मालकांनी चष्मा लावून रेघ पुन्हा बघितली. मंग म्हणाले, "कागदावर ठीक आहे. पण मी डोळ्यांनी बघतो. आज संध्याकाळी येतो, आठला."

मला वाटलं नव्हतं ते येतील. पण पावणेआठला दारात गाडी थांबली. मालक आणि मागे ती इंजिनिअर. शिलाईच्या खोलीत कापडांच्या ढिगाशेजारी त्यांना खुर्ची दिली. मी बायकांना सांगितलं, आज पाहुणे आहेत. अकरा जणी सावरून बसल्या. कटोरी ब्लाउजचा धडा होता. मी खडू टेकवला, दोन वाक्यं बोलले, आणि आठ दहाला जाऊबाईंनी विजयाने फोन मालकांच्या तोंडासमोर धरला, "हे बघा! अडकलं! बघा!" आयुष्यात पहिल्यांदा नेट अडकल्याचा आम्हाला एवढा आनंद झाला होता.

चित्र सुरू झालं तशी परभणीच्या ताईंनी संधी सोडली नाही. साखरपुड्याचा तोच ब्लाउज घालून बसल्या होत्या. गळ्यावर बोट ठेवून त्यांनी सगळी हकीकत मालकांना सांगितली, अगदी "कापायचा" आणि "नाही"सकट. मालकांचा चेहरा उतरला. "ताई, माफ करा," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हे सगळ्यांना कळलं. चहा घेताना त्यांनी इंजिनिअरला विचारलं, किती दिवस लागतील? ती म्हणाली, सामान तयार आहे, आठ दिवस. "मंग उद्यापासूनच काम लाव," ते म्हणाले.

आठाचे अकरा दिवस झाले. अकराव्या दिवशी संध्याकाळी इंजिनिअरचा फोन आला, "लाइन बदलली. आठला मोजा आणि मला सांगा."

त्या दिवशी आठ वाजेपर्यंतचा वेळ कसा गेला मला आठवत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. आठला पाच कमी असताना शेजारच्या बायकाही येऊन दारात उभ्या राहिल्या. मी लॅपटॉपवर बटण दाबलं. काटा चढायला लागला. दहा. वीस. जाऊबाई डोळे मिटून उभ्या. पस्तीस. एक्केचाळीस. सेहेचाळीस!

आम्ही इतक्या जोरात ओरडलो की दुकान बंद करून येणारा माझा नवरा रस्त्यावरूनच पळत आला.

तास सुरू झाला. मी मुद्दाम भराभर बोलले, कात्री भराभर चालवली, आणि अकरा जणींच्या कात्र्या माझ्याबरोबर चालल्या. मस्कतच्या बाईंच्या कात्रीचा कचकच आवाजसुद्धा स्पष्ट ऐकू येत होता. कुणी "परत सांगा" म्हणालं नाही. त्याऐवजी प्रश्न आले, खरे प्रश्न: बाहीला ताण का येतो, अस्तर धुतल्यावर आटतं ते आधी कसं ओळखायचं, उजवा खांदा उतरता असेल तर काय करायचं. इतके दिवस या बायकांच्या मनात एवढं सगळं होतं आणि ते विचारायला त्यांना जागाच मिळत नव्हती. साडेनऊ झाले तरी कुणी उठेना. नाशिकच्या बाईंनी विचारलं, त्यांच्या वहिनीलाही शिकायचंय, घेता का? सांगलीच्या दोघींनी लगेच आणखी दोन नावं सांगितली. मी जाऊबाईंकडे बघितलं. त्यांनी वहीचं नवीन पान काढलं आणि वर लिहिलं, 'दुसरी बॅच'.