सखारामच्या मैदानात एक घमेलं माती

डॉक्टरांनी सांगितलं, "गुडघा जपा, लांबचा बसप्रवास नको." तिसऱ्या दिवशी मी पनवेलला महाडच्या एसटीत बसलेली होते. बायकांना अर्धं तिकीट आहे, ते काय घरी बसायला?

निमित्त झालं एका फ्लेक्सचं. जुन्या विद्यार्थिनीने फोटो पाठवला होता: पोलादपूरच्या डोंगरातल्या एका गावात कबड्डीचे सामने, 'सखाराम स्मृती चषक'. अहो, सखाराम! मी दहा वर्षांची असताना वडिलांनी त्याचा सामना दाखवला होता. चौघांच्या मिठीतून तो मासळीसारखा निसटला, आणि मी त्याच दिवशी ठरवलं की आपण हेच करायचं. पुढे बत्तीस वर्षं पीटीची बाई म्हणून मुलींना त्याचीच चढाई शिकवली. त्याचं दुसरं प्रकरण मात्र वर्गात कधी काढलं नाही. त्याच्या गावचे सामने फक्त स्वतःच्या समाजापुरते असत. बौद्धवाडीचा संघ घ्या म्हणून सखाराम अडून बसला. गाव ऐकेना, तेव्हा महाडला स्वतःच्याच सत्कारात, मंत्र्यासमोर माईक हातात घेऊन त्याने हे सांगितलं, आणि पुढच्या मोसमात बौद्धवाडीकडूनच खेळला. गावाने त्याला वाळीत टाकलं. खेळात राजकारण नको, असं आम्हा शिक्षकांना तेव्हा फार वाटायचं.

हायवेचं काम अजून चालूच आहे, तेव्हा पाणी, टोपी आणि सहनशक्ती बरोबर ठेवा. चार तासांनी महाड. स्टँडबाहेर पंधरा रुपयांचा चहा, कडक आणि भरपूर. शेजारी एमआयडीसीची शिफ्ट संपवून आलेले दोघे उभे होते. मी उगाच सखारामचं नाव काढलं.

"खेळाडू एक नंबर," एक म्हणाला. "पण माईक हातात घेतला आणि वाया गेला."

"वाया कसला रे? माझ्या बापाने फोटो लावलाय त्याचा घरात!"

"लावलाय ना? मग तुमच्या गावात सामना भरवताना बोलावला होता काय त्याला, ते इचार बापाला."

"भांडा, पण ग्लास आधी ठेवा," चहावाला म्हणाला. मी हळूच सटकले आणि चवदार तळ्याच्या पायरीवर थोडा वेळ बसले. महाडला येऊन तिथे बसल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पोलादपूरला आठशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. खाली खानावळीत तांदळाची भाकरी, सुकट आणि कुळथाची पिठी. आंबेनळी घाटातून महाबळेश्वर गाठायच्या घाईत लोक इथे नुसतं पेट्रोल भरतात. भाकरी खाऊन तरी जा, माझं ऐका.

दुपारी शेअर जीपने गावात गेले. गावाचं नाव लिहीत नाही, का ते कळेलच. सामन्यांचं बघणारा मधू, चाळिशीचा, हसरा गडी, कंपनीतून रजा काढून आलेला. त्याने मला सखारामच्या नावाची कमान आणि मैदान कौतुकाने दाखवलं. इथली पद्धत मला फारच आवडली: सामन्याच्या आदल्या दिवशी घरटी एक घमेलं माती येते, शेतातली, बारीक चाळलेली. ती एकत्र पसरून मैदान होतं. कडेला घमेली ओळीने मांडली होती.

"सखारामच्या घरचं कुठलं?" मी विचारलं.

मधू मान खाजवायला लागला. "त्यांचं येत नाय, मॅडम."

"का?"

"वाळीत हाय ना ते घर."

"अजून? अरे, कमानीवर नाव लावलंस ना त्याचं!"

"तसं कोण पाळत नाय. मी गावात असलो की रोज काकीकडे चहा पितो. पण गावकीने, सगळ्या गावाने बसून, ते उठवलं पाहिजे. आता वाळीत टाकायच्या विरुद्ध कायदा आला, तर आम्ही कोणाला वाळीत टाकलंच नाय, असं सगळे बोलतात. टाकलंच नाय तर उठवायचं कसं?"

मला हसावं की त्याचा कान पिळावा, कळेना. माझा आवाज चढला आणि चार बायका दारात आल्या. "चल, काकीकडे ने मला," मी म्हटलं.

ताराकाकी म्हणजे सखारामची बायको. सत्तरी ओलांडलेली, ताठ. पडवीत चाळलेल्या मातीचं घमेलं फडक्याने झाकून ठेवलेलं. दर वर्षी चाळतात म्हणे, आणि सामने संपले की परत शेतात टाकतात. मला एवढं भरून आलं की चहा तसाच राहिला.

मधू म्हणाला, "काकी, उद्या चषक तुझ्या हातून द्यायचाय. घमेलं मी नेतो आत्ताच. गावकीचं मी बघतो."

"थांब. जयवंताचं घमेलं आधी जाऊ दे." जयवंत बौद्धवाडीतला, सखारामच्या जोडीने खेळलेला. "त्याचं नाय घेतलं तर माझं पण नको. मी येणार नाय, आणि कमानीवरचं नाव उतरवा. मेल्यावर त्याला एकट्याला आत घेता होय रे?"

सकाळी पहिल्या जीपने परत आले, तर मधू जयवंतरावांकडे निघालेला, मीही लंगडत मागे. जयवंतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सखाराम आमच्यासाठी वाळीत गेला, असं सगळे सांगतात. अरे, आम्ही सहाजण पण त्याच्या बरोबर खेळलो ना? आमची नावं कोणाला म्हायत हायत? मित्र होता माझा. उपकार करायला नव्हता आला." मग दार लोटलं. मधू आल्या वाटेने मैदानाकडे वळला. जयवंतरावांचं नाव मला कालच कळलेलं, बाकीची पाच मलाही माहीत नव्हती.

दहा वाजता सामने. मैदान पसरून झालं होतं, काकी आल्या नव्हत्या. तेवढ्यात जयवंतराव आले, डोक्यावर घमेलं, शेजारी त्यांना आणायला स्वतः गेलेल्या काकी, त्यांच्या कमरेवर दुसरं. गावकीचे म्हातारे एकमेकांकडे बघत बसले. मधूने जयवंतरावांचं घमेलं उतरवून घेतलं आणि मधल्या रेषेवर ओतलं. मग काकींचं. एक म्हातारा उठून घरी गेला, बाकीचे बसले.

"पसर रे नीट," जयवंतराव म्हणाले. "खडा लागेल पोरांना."

काकी कमानीखाली उभं राहून ढसाढसा रडल्या. मीही.

घरी आले तेव्हा गुडघा सुजला होता. शाळेत पाहुणी म्हणून अजून बोलावतात मला, सखारामची चढाई दाखवायला. येताना जयवंतरावांकडून ती सहा नावं वहीत लिहून आणलीत. आता आधी ती वाचणार, मग माईकचं सांगणार, मग चढाई. बोलावणं बंद झालं तर होऊ दे.