खिंडीखाली उतरला की घरी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या शाळेत, दहावीच्या वर्गात, फळ्यावर आलेख काढत होतो. दोन अक्ष, पाच बिंदू आणि त्यांना जोडणारी रेघ. संपत म्हणजे आत्याचा मुलगा. तो शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर जाऊन घेतला. "दादा, आई गेली. सकाळी च्या पिली, वही मागितली, कायतरी लिवलं, आन उंबऱ्यात बसल्या बसल्याच..." मी वर्गात परत आलो आणि ती रेघ पुसायला माझा हात होईना. दुःख झालंच, पण खरं सांगतो, त्याच्याही आधी अभिमान वाटला. सातवी शिकलेली, उत्रोलीत सासरी जन्मभर भात लावलेली माझी यमुनाआत्या भल्याभल्यांना पाणी पाजणाऱ्या शेअर बाजाराला पुरून उरली होती. आता महिना होऊन गेला, तरी तो अभिमान तसाच आहे.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या एका चुकीमुळे. एका रविवारी तिच्या पडवीत बसून मी मोबाईलवर एका शेअरच्या भावाची रेघ बघत होतो. मागून डोकावून ती म्हणाली, "येल्ह्याचा फोटू व्हय रं? ह्यो तोरणा, आन ह्यो शेजारी राजगड." तिचं माहेर वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याचं. दोन शिखरं दिसली की तिला तेच दोन गड दिसायचे. मी पोट धरून हसलो. हा डोंगर नाही, भाव कसा वर-खाली झाला ते आहे, असं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे दोनदा चढला, आन दुसऱ्यांदा पैल्याएवढा चढला न्हाई. मंग आता उतारच की! राजगडाच्या फुडं कुठं डोंगर हाय?" पंधरा दिवसांत तो शेअर घसरला आणि माझं हसणं बंद झालं. त्या आकृतीला पुस्तकांत वेगळं नाव आहे, पण आमच्या घरात त्या दिवसापासून ती 'तोरणा-राजगड'च.

मग तिनं माझ्याकडून आलेखवही मागून घेतली. रोज दुपारी बाजार बंद झाला की चष्मा लावून भावाचा एक ठिपका द्यायची आणि कालच्या ठिपक्याला जोडायची. भाव बरेच दिवस एकाच पातळीत रेंगाळला की ते 'खाचर'. वर निघाला की 'बांधावरून गेला'. दोन शिखरांच्या मधली खोलगट जागा ती 'खिंड', आणि तिथं तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ. नियम एकच: खिंडीखाली उतरला की घरी. म्हणजे विकायचं, मागं वळून बघायचं नाही. पहिल्याच खरेदीत तिनं मार खाल्ला. भाव बांधावरून गेला म्हणून घेतला आणि तो दोन दिवसांत परत खाली. मी म्हटलं, "आत्या, त्या दिवशी खरेदी-विक्री किती झाली ते बघितलंस का?" तिनं कपाळावर हात मारला. "आगं बया! पाणीच बघितलं न्हाई म्या. पाण्याबिगर खाचर वाहील कसं?" पुढंही तिचे अंदाज पुष्कळदा चुकले, पण चुकलं की ती निघायची. मी मात्र चुकलो की आशा धरून बसायचो, आणि गणिताचा मास्तर म्हणे मी!

तिला बंगला नको होता, दागिने नको होते. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. दरवर्षी तोरण्यावर चढून मेंगाईची ओटी भरायची हा तिच्या आईपासूनचा नेम, तो सहा वर्षं मोडला होता. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते. संपत जमीन विकायला निघाला, तर ही कडाडली, "माज्या पायांसाठी तुज्या पोरांच्या पायाखालची जमीन विकतूस व्हय? माजं गुडघं मी बघते." त्यासाठी तिनं साठवलेलं सगळं एका शेअरमध्ये घातलं होतं. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नयेत हे मी तिला सांगितलं, पण सल्ला देणाऱ्यानं स्वतःही तोच शेअर घेतला होता. पाण्यासकट बांधावरून गेलेला तो शेअर चढत राहिला. भोरमध्ये चहाच्या टपरीपासून आमच्या स्टाफरूमपर्यंत त्याचंच नाव. सगळे घेत होते, आणि आत्याच्या वहीत दुसरं शिखर उभं राहत होतं... पहिल्यापेक्षा बोटभर ठेंगणं.

त्या दिवशी मी नववीवर होतो आणि फोन बंद होता. खातं तिच्या नावाचं, पण विकायचा गुप्त आकडा मी तिला सांगितलाच नव्हता. म्हातारीनं घाईत काही करू नये असा माझा शहाणपणा! दारात बघतो तर आत्या. तसले गुडघे घेऊन टेम्पोत चढून आली होती, भिंतीला धरून उभी. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "मास्तरा, खिंड मोडली. इक." मी बाहेर जाऊन समजूत घालायला लागलो, "आत्या, कंपनी चांगली आहे. परवाच बातमी होती. थोडं थांब, सगळे घेतायत." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला शाळेतलं पोर झाल्यासारखं वाटलं. "सगळ्यांचं गुडघं दुकत न्हाईत. माजं दुकत्यात. तोरणा मला चढायचाय, तुला न्हाई. इक म्हनते तर इक!" विकलं. आणि गुप्त आकडा तिथंच तिच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला. माझे शेअर मात्र मी ठेवले. पुढचे काही महिने तो शेअर असा घरंगळला की स्टाफरूममध्ये त्याचं नाव काढायची चोरी झाली. आत्या तोपर्यंत पुण्याच्या दवाखान्यात नव्या गुडघ्यांवर पहिली पावलं टाकत होती.

दीड वर्षानं ती तोरणा चढली. मी आणि संपत दोन बाजूंना, आणि तिचा हात आमच्यापैकी कुणाच्याच हातात नाही. तरणी पोरं पुढं निघून जात, वाटेत दम खात बसलेली पुन्हा भेटत, आणि ही त्यांना म्हणायची, "बसा, बसा, येते मी फुडं!" मेंगाईच्या देवळात पोचल्यावर तिनं ओटी भरली, बाहेर येऊन राजगडाकडं तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं हसली. मी रडलो, कशाला लपवू?

शेवटची भेट ती जायच्या पंधरवडाभर आधीची. चेहरा उतरला होता, दम लागत होता. मी पुण्याला न्यायचा हट्ट धरला. ती म्हणाली, "न्हाई रं मास्तरा. खिंड मोडली. आता घरी." मी विचारलं, "कुठला शेअर?" ती नुसती हसली आणि म्हणाली, "च्या घेनार का?"

परवा उत्रोलीला गेलो. पडवीतल्या फळीवर वही तशीच होती, तांबडी पेन्सील दोऱ्यानं बांधलेली. संपतनं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. डावीकडं आकडे नव्हते, तिच्या हातचे शब्द होते. खालून वर: उंबरा, अंगण, ओढा, एसटीचा थांबा, माची, मेंगाई. रेघ उंबऱ्यापासून निघालेली, अंगणात बरेच दिवस रेंगाळलेली, मग ओढा, थांबा आणि थेट मेंगाई. तिथून थांब्यापर्यंत उतार. पुन्हा चढ, पण गेल्या हिवाळ्यात आत्या तोरण्याच्या माचीवरूनच परतली होती, तिथवरच. थांब्याशी तांबडी आडवी रेघ. रेघेखाली ओढा, अंगण, आणि शेवटचा ठिपका उंबऱ्यावर. जायच्या दिवशी सकाळी दिलेला.

संपत म्हणाला, "दादा, लई वर गेल्ता की ह्यो. कुठला शेअर म्हनायचा?"

मी म्हटलं, "आपली आत्या."