अस्वलीचे कान

अमेरिकेत नोव्हाय गावी मी इंजिनिअर होतो; तिथून सुट्टीसाठी मिशिगन राज्याच्या उत्तरेला गेलो होतो, ते २००४ साल असावे. मोटेलात शेजारच्या खोलीत उतरलेल्या एका वृद्ध शिकाऱ्याने माझे कुतूहल पाहून मला आपल्यासोबत मचाणावर नेले. अस्वलाच्या परवान्यासाठी त्यांनी पाच वर्षे वाट पाहिली होती आणि मोसमाचा तो शेवटचा दिवस होता.

संध्याकाळी एक थोराड अस्वल आमिषापाशी आले. मी कुजबुजलो, "एवढा मोठा म्हणजे नरच. मारा!"

त्यांनी बंदूक खाली घेतली. "आकार फसवतो, इंजिनिअरसाहेब. कान बघा. नराच्या रुंद डोक्यावर ते लहान वाटतात. हिचे मोठे दिसतायत."

"मादीच आहे, खात्री आहे?"

"नाही. म्हणून तर थांबलोय."

थोड्याच वेळात झुडपांतून दोन पिल्ले धडपडत तिच्यामागे आली. पिल्ले असलेल्या मादीला मारायचे नाही, हा तिथला कायदा. त्यांनी गोळी काढून खिशात टाकली आणि थर्मासमधली कॉफी आधी मला दिली.

खात्री नसतानाही मी आयुष्यभर ठामपणे बोलत आलो. त्या संध्याकाळी माझे कुणी ऐकले नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.