सुचेन मावशीच्या तोंडातला खुनी

गेल्या महिन्यात आमच्या कीलुंगच्या मासळीबाजारात एकच बातमी होती: सुचेन मावशी आणि श्वेमू काकांचं जमलंय. ती मासळीचे गोळे विकते, ते समोर माकुलाचं दाट सूप. दोघंही एकेकटी. त्यात कोळंबीवालीने त्यांना भर दुपारी सुपाच्या पातेल्यामागे पाहिलं. मावशीचे डोळे मिटलेले, गाल लाल, आणि काका अगदी शेजारी. झालं! संध्याकाळपर्यंत बाजाराने लग्नाच्या जेवणात काय काय असावं तेही ठरवून टाकलं.

साफ खोटं. आईचा भाजीचा गाळा तिथेच आहे, मी सगळं पाहिलंय. काका शेजारी होते खरे, पण दोन्ही कानांत बोटं खुपसून, मोठमोठ्याने गुणगुणत.

त्याचं असं झालं. मावशीला पुस्तकं ऐकायचं वेड. शहराच्या वाचनालयाची नवी ऑडिओबुकं महिन्याच्या सुरुवातीला फोनवर येतात आणि मावशी मांजरीसारखी झडप घालते. या खेपेला तिच्या हाती गरम झऱ्यावरच्या सराईतला खून लागला. वाचनालयाकडे प्रत एकच. ना कागद, ना पुठ्ठा, तरी एकाच्या कानात असली की बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. मुदत दोन आठवडे, आणि मागे रांग असेल तर वाढवून मिळत नाही.

एवढ्यात कुणाचंही ऐकून झालं असतं. पण मावशी ऐकते त्याच्या दुप्पट सांगते. नवा संशयित आला की पुस्तक थांबतं, झारा हवेत जातो, आणि समोर गिऱ्हाईक असो की बोका, "त्या स्वयंपाकिणीचा मला पहिल्यापासून वास येतोय हं." इकडे मुठीतून गोळे पिळणं चालूच. खुनाच्या प्रकरणाला बोराएवढे, प्रेमाच्या प्रकरणाला मोसंब्याएवढे.

शेवटचं प्रकरण तिने निवांत ऐकायला राखून ठेवलं होतं आणि मुदत संपत आली. गाळ्यावर गर्दी, ऐकायला सवड नाही. मग तिने फोन विमान मोडवर टाकला. संपर्कच तुटला तर वाचनालय पुस्तक नेणार कसं? दिवसभर कुणाचा फोन लागला नाही, मागणी आली नाही, गोळे पडून राहिले, आणि ठरल्या वेळी पुस्तक आपलं गेलंच. मावशी खुन्यावाचून राहिली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी समोर श्वेमू काकांचा डाव सुपातच थबकला आणि तोंड उघडं पडलं. मावशीने तो चेहरा बरोब्बर ओळखला: पहिलं प्रकरण, प्रेत सापडलं. म्हणजे रांगेतला पुढचा नंबर यांचा!

ती तशीच हात पुसत पलीकडे गेली. शेवटचं प्रकरण तेवढं ऐकू द्या, म्हणून गळ घातली. काका बधेनात.

"दोन आठवडे तुझी बडबड चुकवायला कानात कापूस घालून सूप विकलंय मी," ते म्हणाले. "माझं ऐकून होईपर्यंत खुन्याचं नाव कुणापाशीही काढलंस, तर याद राख."

मावशीने समुद्राच्या माझूदेवीची शपथ घेतली. मग काकांनी शेवटचं प्रकरण लावून फोन तिच्या हातात दिला आणि कानांत बोटं घातली. कोळंबीवालीने पाहिलं ते प्रेमप्रकरण हेच.

आता सगळ्या बाजाराला ठाऊक, मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिथे खुनी कुठला टिकायला? मी मावशीशीच पैज लावली. काकांचं पुस्तक संपायच्या आत तिने नाव फोडलं, तर महिनाभर गोळे फुकट. नाही फोडलं, तर मी एक अख्खा रविवार कुणाचीही नक्कल न करता घालवायचा. दिवसभर सगळ्यांचे आवाज काढते म्हणून बाजारात मला मैनाच म्हणतात.

काका रोज एकच प्रकरण ऐकायचे, तेही चवीचवीने. मावशी ओठ मिटून गोळे पिळायची, सगळे एका मापाचे. गिऱ्हाइकांनी खोदून विचारलं, कोळंबीवालीने लाडीगोडी लावली, पण छे. शेवटी मीच सुपाच्या गाळ्यामागे दडले आणि काकांचा खर्जातला, थोडा घोगरा आवाज काढला, "झालं गं माझं ऐकून, सुचेन. तुला कधी कळलं, कोण ते?"

मावशीचा हात थांबला. तोंड उघडलं.

"मैने," ती म्हणाली, "श्वेमूने जन्मात मला इतकं गोड विचारलेलं नाही. ये बाहेर."

पुढच्या आठवड्यात काकांचं पुस्तक संपलं. रविवारी मी दिवसभर माझ्या स्वतःच्या आवाजात पालक विकला. कोण नवीन पोरगी ठेवली, म्हणून आई सारखी वळून बघत होती.