अण्णारावच्या खुर्चीला दिलेलं उत्तर

चांगुणाकाकीला कुणी नुसतं नाव विचारलं तरी ती आधी विचारणाऱ्याच्या पायाकडं बघायची. चपला कसल्या, धूळ कुठली, आला कुठल्या वाटेनं. मग म्हणायची, "कामून पायजे नाव?"

कानडी मुलखातल्या मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावर ती भाजक्या शेंगा विकायची. हैदराबादची गाडी थांबली की टोपली डोक्यावर घेऊन खिडक्यांखालून फिरायची. कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी लागंल ती बोली. भाव मात्र तिन्हीत एकच.

हा संशय काही तिनं माहेराहून आणला नव्हता. छप्पन सालानंतर आमची गल्ली बौद्ध झाली. हलगी सुटली, गावकीची कामं सुटली. मग शाळेत कुणीतरी "जात काय?" म्हणून विचारलं, काकीनं ताठ मानेनं "बौद्ध" सांगितलं, आणि तेव्हा बौद्धांना सवलत नव्हती म्हणून पोराची सवलत गेली. पुढं आणीबाणीत एकजण गोड बोलून "लेकरं किती?" विचारून गेला. तेही तिनं खरं सांगितलं. मागोमाग जीप आली आणि तिच्या नवऱ्याला, बळीरामकाकाला, आपरेशनला उचलून घेऊन गेली. तेव्हापासून काकी म्हणायची, "इचारणारा रिकामा येत न्हाई. त्याच्या मागं कोन हुबं हाय ते बघावं, मग तोंड उघडावं."

एकोणनव्वद साली लोकसभेची निवडणूक लागली. तेव्हा गल्लीचं दुखणं एकच होतं, विहाराची जागा. गल्लीच्या तोंडाशी चिंचेखाली पडीक जमीन होती. तिथं विहार बांधायचा म्हणून आम्ही दगड आणून टाकले होते. दगडांवर घाणेरीची झुडपं माजली तरी पाया काही भरला नव्हता. अण्णाराव पाटलांच्या होकाराशिवाय गावात खड्डा खणता येत नव्हता, आणि दर निवडणुकीला ते म्हणायचे, "मतं पडू द्या, मग बघू." मतं पडायची, त्यांच्याच पक्षाला पडायची, पण बघणं काही व्हायचं नाही. यंदा गल्लीनं गुपचूप ठरवलं, मत दुसरीकडं टाकायचं.

अशात एक चष्मेवाला माणूस आला. कुठल्या तरी पेपरासाठी लोकांचा कल काढत फिरत होता. चिंचेखाली खुर्ची टाकून बसला आणि एकेकाला जवळ बोलवायला लागला. "अम्मा, वोट किसको देंगे? डरो नक्को, नाम नहीं लिखते."

माणूस बिचारा सरळ असंल. पण त्याची खुर्ची सरळ नव्हती. लोखंडी खुर्ची, पाठीवर पांढऱ्या रंगात कन्नड अक्षरं. लग्नाकार्यात गावभर फिरते, हरवू नये म्हणून अण्णारावनं आपलं नाव घातलेलं. परका माणूस गावात आला, पाटलाकडं चहा प्याला, बसायला खुर्ची मागून आणली, एवढीच गोष्ट. पण गल्लीत वाचता न येणारासुद्धा ती खुर्ची लांबून ओळखायचा. कुणी त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलंच नाही. सगळ्यांनी खुर्चीला उत्तर दिलं. अण्णारावला गल्लीत सगळ्यांत जास्त शिव्या देणारा नरसिंग, त्यानं तर हात जोडून त्यांच्या पक्षाचं नाव सांगितलं. काकीनंही तेच सांगितलं.

मग तो पेपर आला. धोंडप्पाच्या हॉटेलात अण्णारावनं मोठ्यानं वाचून दाखवला. आपल्या भागात शंभरात सत्तर लोक आपल्याकडं, गोरगरिबांच्या वस्त्यांत तर त्याहून जास्त! हॉटेलात चहा फुकट झाला.

फुकटचा चहा पिऊन नरसिंग गल्लीत आला तो तोंड पाडून. "काकी, हवा त्यांचीच हाय बग. छापून आलंय. जिकणार तर तेच, मग आपुन येगळं जाऊन वैर कामून घ्यावं?"

चारदोन माना हलल्या.

काकी शेंगा पाखडत होती. सूप थांबवून म्हणाली, "त्या चष्मेवाल्याला तू काय सांगितलास?"

"मी? त्यांचंच नाव सांगितलो."

"मी बी त्येच सांगितलो. ही सरू बी त्येच. मग पेपरात काय तुज्या सासऱ्याचं नाव येतंय व्हय? आपुनच थाप मारायची, आन छापून आली की आपुनच भ्यायचं!"

शेजारची सरुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. नरसिंग काही हटेना. "आपलं सोड. समद्या जिल्ह्याचं छापलंय की."

"समद्या जिल्ह्यात काय खुर्च्या न्हाईत?"



दुसऱ्या दिवशी काकी टोपली घेऊन थेट हॉटेलात शिरली. बाकडी भरलेली होती.

"मालक, आमची गल्ली तुमचीच हाय म्हणून पेपरात आलंय म्हणं."

"व्हय की," अण्णाराव खुशीत म्हणाले.

"मग घरच्याच मानसांची जागा कामून अडवायलाव? मतं पडूस्तोवर वाट बघाया आमी काय परकी हाव का?"

अण्णारावनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "आज लई ग्वाड बोलायलीस, चांगुणा."

"देऊन टाका अण्णा," धोंडप्पा गल्ल्यावरून म्हणाला. "शीट तर आलीच की आपली."

जिंकल्याची धुंदी मत पडायच्या आधीच चढली होती. "जा, भरा पाया!" अण्णाराव म्हणाले.

"तसं नगं. पयला दगुड तुमीच ठिवा, समद्याम्होरं. नारळ-बिरळ नगं, निसता दगुड."

सगळं हॉटेल उठून चिंचेखाली आलं. अण्णारावनं दगड ठेवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मतं पडली. सीट अण्णारावच्याच पक्षाची आली. नरसिंग म्हणाला, "काकी, पेपर खराच निगाला की!"

"खरा निगाला का तुज्यासारक्यांनी खरा केला, कुनाला ठाव?"

पण आमच्या गल्लीच्या पेटीतलं उलटं निघालं, हे मोजणीला बसलेल्या माणसानं अण्णारावला सांगितलंच. ते तडक गल्लीत आले. पाया तोवर गुडघ्याएवढा झाला होता आणि काकी फाटा सोडून तिथंच टोपली मांडून बसली होती. पाया एकटा सोडायची तिची तयारी नव्हती.

"चांगुणा, पेपरात तर येगळंच छापलं हुतं."

"पेपर तुमी वाचलाव मालक. मला कुटं वाचाया येतंय?"

अण्णाराव आपण ठेवलेल्या दगडाकडं बघत राहिले. सगळ्या गावासमोर ठेवलेला दगड उपटायचा, तर आपल्याला कसं गंडवलं तेही गावाला सांगावं लागणार. ते आले तसे गेले.

विहारावर पत्रे चढले. पहिल्या वंदनेला पाहुणे येणार म्हणून अण्णारावनं आपण होऊन खुर्च्या पाठवल्या. काकीनं त्या गाडीतून उतरूच दिल्या नाहीत.

"अगं, बसाया मानसं येतेत," सरुबाई म्हणाली.

"सतरंजी हातरा. हितं पंचशील म्हणायचं हाय. त्या खुर्चीम्होरं तोंडात खोटंच येतंय."