थोरली कोण, हे पायलटांना कसं सांगू?

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज दुपारीच घडलेलं सांगते.

आमच्याकडे सत्यनारायण होता. नणंदेचा सुधीर डोंबिवलीला प्रसादाला आला, सोबत त्याच्यासारखेच दोन पायलट. जेवताना एकच विषय. त्यांची सरकारी विमान कंपनी म्हणे दुसऱ्या सरकारी कंपनीत विलीन होणार. मग विमानं कोणती घेणार, परदेशी भागीदार येणार का. वादात साजूक तूप घातलेलं वरण गार झालं.

सुधीर म्हणाला, "मामी, तिकडचे उशिरा नोकरीला लागलेलेसुद्धा ज्येष्ठतेच्या यादीत आमच्या डोक्यावर बसतील. मी कॅप्टन होईपर्यंत टक्कल पडेल."

मी म्हटलं, "आमचंही तेच झालं. थोरल्या दिरांचं लग्न आमच्यानंतर झालं. मग घरात मोठी मी, की जाऊबाई?"

तिघांचे घास थांबले. "मग काय ठरलं?"

"कुठे काय? आधी कुंकू कोणाला लावायचं म्हणून बायका अजून करंडा घेऊन ताटकळतात."

सुधीर म्हणाला, "मग एका नव्या खाजगी कंपनीने बोलावलंय, तिलाच उद्या हो म्हणतो. तिथे मीच पहिली सून."

"अरे, त्या कंपनीचंही दुसऱ्या कंपनीशी जुळतंय म्हणे," एक मित्र म्हणाला.

देव त्याला बुद्धी देवो. तुमच्या घरी हे कसं मिटलं, ते मात्र लवकर सांगा. सुधीर अजून आमच्याकडेच बसलाय.